एखादी प्रजाती 'धोक्यात' आहे हे ठरतं कसं? रेड लिस्टबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गिधाड, माळढोक, बिबट्या, कोणाचीही बातमी घ्या, शेवटी एक ओळ असतेच की ही प्रजाती आययूसीएनच्या यादीत अमुक गटात आहे. ती ओळ येते कुठून, ठरवतं कोण आणि कशावरून, हे निसर्गशिबिरांमध्ये आणि शाळांमध्ये बोलायला गेलं की हमखास विचारतात. म्हणून एकदा सविस्तर लिहून काढतोय. गटाचं नाव सगळ्यांना पाठ असतं पण त्यामागचं कारण कोणी वाचत नाही, आणि खरी माहिती तर त्या कारणातच असते असं माझं ठाम मत आहे.

रेड लिस्ट म्हणजे नक्की काय?

आययूसीएन ही निसर्ग संवर्धनासाठीची आंतरराष्ट्रीय संस्था १९४८ साली स्थापन झाली, मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या ग्लांड गावात. १९६४ पासून ती जगातल्या प्राणी, वनस्पती आणि बुरशी यांच्या प्रजातींची एक यादी ठेवते, तीच रेड लिस्ट. आजवर दीड लाखाहून जास्त प्रजाती तपासून झाल्यात आणि त्यातल्या ४५ हजारांहून जास्त धोक्यात निघाल्यात. सुरुवातीच्या काळात तज्ज्ञांच्या अंदाजावर बरंच काही चालायचं, १९९४ मध्ये आकड्यांचे नियम आले, ते २००१ मध्ये सुधारले आणि आजही तेच वापरतात.

गट किती आणि कोणते?

नऊ. नामशेष, जंगलातून नामशेष (म्हणजे फक्त प्राणिसंग्रहालयात किंवा लागवडीत उरलेली), मग क्रिटिकली एन्डेंजर्ड म्हणजे अतिसंकटग्रस्त, एन्डेंजर्ड म्हणजे संकटग्रस्त, व्हल्नरेबल म्हणजे असुरक्षित, त्याखाली निअर थ्रेटन्ड (धोक्याच्या उंबरठ्याजवळ) आणि लीस्ट कन्सर्न (सध्या फारशी काळजी नाही). उरलेले दोन म्हणजे डेटा डेफिशियंट (माहिती अपुरी) आणि नॉट इव्हॅल्युएटेड (तपासलीच नाही). 'धोक्यातली प्रजाती' असं अधिकृतपणे म्हणतात ते फक्त क्रिटिकली एन्डेंजर्ड, एन्डेंजर्ड आणि व्हल्नरेबल या तिघांना.

हे ठरवतं कोण? सरकार?

नाही, सरकारचा त्यात थेट हात नसतो. आययूसीएनचा एक स्पीशीज सर्व्हायव्हल कमिशन आहे, त्याच्याखाली मांजरकुळ, हत्ती, कासवं, गोड्या पाण्यातले मासे, उभयचर असे वेगवेगळे तज्ज्ञगट. पक्ष्यांचं काम बर्डलाइफ इंटरनॅशनलकडे आहे. एक जण किंवा काही जण मिळून मूल्यांकन लिहितात, दुसरे तज्ज्ञ ते तपासतात, नियम नीट लावलेत का हे केंब्रिजमधलं रेड लिस्टचं युनिट बघतं, आणि मगच ते प्रसिद्ध होतं. या तज्ज्ञांपैकी बहुतेक जण आपली नोकरी, आपलं संशोधन सांभाळून हे विनामोबदला करतात आणि त्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर आहे.

नियम काय आहेत? सोप्या भाषेत सांगा.

पाच निकष आहेत, ए ते ई. प्रजातीला पाचही लावून बघायचे आणि ज्यात सगळ्यात वरचा धोका निघेल तो गट द्यायचा. पाचही निकष पूर्ण व्हायला पाहिजेत असं अजिबात नाही, एक पुरतो.

ए म्हणजे घट किती वेगाने झाली. गेल्या १० वर्षांत किंवा ३ पिढ्यांत, जो काळ जास्त असेल त्यात, ८० टक्के घट असेल तर क्रिटिकली एन्डेंजर्ड, ५० टक्के असेल तर एन्डेंजर्ड, ३० टक्के असेल तर व्हल्नरेबल. घटीचं कारण समजलंय, ते थांबलंय आणि परिस्थिती पूर्ववत होऊ शकते, अशी खात्री असेल तर हेच आकडे ९०, ७० आणि ५० होतात.

बी म्हणजे वावर किती छोट्या भागात आहे. सी म्हणजे संख्या कमी आहे आणि वर ती घटतेय. डी म्हणजे संख्या इतकी कमी की घट असो नसो, धोका आहेच, इथे ५० पेक्षा कमी प्रौढ जीव उरले तर क्रिटिकली एन्डेंजर्ड, २५० पेक्षा कमी तर एन्डेंजर्ड, १००० पेक्षा कमी तर व्हल्नरेबल. ई मध्ये गणिती मॉडेल बनवून नामशेष होण्याची शक्यता काढतात, पण त्यासाठी लागणारी माहिती फार थोड्या प्रजातींची असते त्यामुळे तो क्वचितच वापरला जातो.

'तीन पिढ्या' कशासाठी? सरळ वर्षं का नाही मोजत?

कारण हत्तीची दहा वर्षं आणि उंदराची दहा वर्षं सारखी नसतात. पिढीचा काळ म्हणजे पिल्लं जन्माला घालणाऱ्या आई-बापांचं सरासरी वय. आशियाई हत्तीची एक पिढी २० ते २५ वर्षांची धरतात, म्हणजे तीन पिढ्या झाल्या ६० ते ७५ वर्षं, आणि त्या काळात त्यांची संख्या निम्म्याने तरी घटली असं मानून हत्ती एन्डेंजर्डमध्ये आहे. आज एखाद्या जंगलात कळप दिसतो म्हणून मागच्या सत्तर वर्षांत गेलेलं जंगल विसरायचं नाही, यासाठी हा नियम आहे.

भरपूर संख्येने असलेली प्रजाती पण क्रिटिकली एन्डेंजर्ड होऊ शकते का?

हो, आणि याचं सगळ्यात भयंकर उदाहरण आपल्याकडचंच आहे. पांढऱ्या पाठीचं गिधाड १९८० च्या दशकात इतकं मुबलक होतं की मोठ्या शिकारी पक्ष्यांमध्ये जगात कदाचित तेच सर्वात जास्त असावं असं म्हणायचे. मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की तासाभरात आकाश भरून यायचं, हे ज्यांचं वय आज पन्नासच्या पुढे आहे त्यांना गावाकडचं विचारा, ते सांगतील. भरतपूरच्या केवलादेवमध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) विभू प्रकाश यांच्या लक्षात आलं की पक्षी मरतायत आणि घरटी कमी होतायत. पुढे मोजण्या झाल्या आणि १९९२ ते २००७ या काळात भारतात ही प्रजाती ९९.९ टक्के घटली असं निघालं, म्हणजे हजारातला एक पक्षी उरला.

२००० साली ही गिधाडं क्रिटिकली एन्डेंजर्डमध्ये टाकली गेली आणि त्यावेळी मृत्यूचं कारण कोणालाच माहीत नव्हतं, ही गोष्ट महत्त्वाची आहे. निकष ए ला घटीचा वेग दिसला की पुरतं. कारण २००४ साली समोर आलं, डायक्लोफेनॅक, गाई-म्हशींना सूज आणि दुखण्यावर देतात ते औषध, त्या जनावराचं मांस खाल्लं की गिधाडाची किडनी निकामी व्हायची. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आता मेलॉक्सिकॅमसारखं सुरक्षित औषध मिळतं, त्यामुळे गोठ्यात डॉक्टर आले की कोणतं इंजेक्शन देताय एवढं जरूर विचारा.

क्षेत्रफळ कसं मोजतात? नकाशावर नुसता गोल काढतात का?

दोन पद्धती आहेत आणि दोन्ही वेगवेगळं सांगतात. पहिली, जिथे जिथे प्रजाती सापडली त्यातली सगळ्यात बाहेरची ठिकाणं रेषेने जोडायची आणि आतलं क्षेत्रफळ काढायचं, म्हणजे एकूण पसारा. दुसरी, नकाशावर २ किमी बाय २ किमीचे चौकोन आखायचे आणि ज्यात प्रजाती आहे तेवढेच चौकोन मोजायचे. एक चौकोन ४ चौरस किमीचा. दुसऱ्या पद्धतीत क्रिटिकली एन्डेंजर्डची मर्यादा १० चौरस किमीपेक्षा कमी अशी आहे, म्हणजे दोन चौकोन भरले तर ८, अजून आत. तिसरा चौकोन सापडला की १२, आणि प्रजाती एन्डेंजर्डच्या रेषेत येते. हे वाचल्यावर कळेल की एका संध्याकाळी पलीकडच्या सड्यावर (म्हणजे कातळाच्या पठारावर) मिळालेली एक खात्रीची नोंद केवढी मोठी असू शकते.

आंबोलीचा टोड हा बेडकाचा प्रकार बघा. अंगावर वाघासारखे पट्टे, पहिल्या पावसात कातळावर साचलेल्या उथळ डबक्यांमध्ये अंडी घालतो, २००९ मध्ये शास्त्रीय वर्णन झालं आणि सिंधुदुर्गातल्या आंबोली परिसराबाहेर तो माहीत नव्हता, त्यामुळे रेड लिस्टमध्ये क्रिटिकली एन्डेंजर्ड म्हणून नोंदला गेला. आता नुसता भाग छोटा असून बी निकष लागत नाही हे लक्षात ठेवा. सोबत आणखी तीनपैकी दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली किंवा मोजक्याच 'लोकेशन'वर असलेली संख्या, दुसरी सतत चालू असलेली घसरण आणि तिसरी संख्येत टोकाचे चढउतार. आणि इथे लोकेशन म्हणजे गाव किंवा डबकं नव्हे, एकच संकट आलं तर जेवढा भाग एका फटक्यात जाईल तेवढा भाग म्हणजे एक लोकेशन. दहा डबकी आहेत पण सगळी एकाच सड्यावर आणि सड्यावरच प्लॉटिंग सुरू झालं, तर ते लोकेशन एकच.

डोकी मोजतात का? माळढोक 'दीडशे' म्हणतात ते कुठे बसतं?

डोकी मोजतात पण सगळी धरत नाहीत. फक्त प्रौढ, म्हणजे पिल्लं देऊ शकतील असे जीव धरायचे. माळढोक आजच्या घडीला सुमारे दीडशे उरलेत असं म्हणतात, बहुतेक सगळे राजस्थानात, त्यात लहान पक्षी वजा केले तर प्रौढ आणखी कमी. सी निकषात २५० पेक्षा कमी प्रौढ आणि सोबत घट असेल तर क्रिटिकली एन्डेंजर्ड, आणि २०११ पासून माळढोक तिथेच आहे. त्यातून मादी साधारण वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे विजेच्या तारेला धडकून एक मादी गेली तर तो फटका भरून यायला वर्षं लागतात.

महाराष्ट्रात सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झालं, कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किमीचं, त्यात गावं, शेतं, तालुक्याची ठिकाणं सगळं. पुढे ते १,२२२ चौरस किमीवर आणलं. माळरान म्हणजे पडीक जमीन ही आपली समजूत या पक्ष्याला सगळ्यात महागात पडली असं मला वाटतं, ऊस आला, कॅनॉल आले, तारा आल्या आणि पक्षी दिसेनासा झाला. क्षेत्राचा आकडा मोठा असला म्हणजे प्रजाती सुरक्षित असं मूल्यांकनात कोणी धरत नाही, त्या क्षेत्रात राहण्याजोगी जागा किती उरली ते बघतात.

भारतात वाघ वाढले, मग तो अजून एन्डेंजर्ड का?

कारण रेड लिस्ट जगाचा हिशोब करते. २०२२ च्या गणनेत भारतात ३,६८२ वाघांचा अंदाज निघाला, हे यश खरंच मोठं आहे, पण त्याच काळात कंबोडिया, लाओस आणि व्हिएतनामच्या जंगलातून वाघ गेल्यात जमा झाले. आणखी एक नियम म्हणजे प्रजातीला खालच्या गटात आणायचं तर वरच्या गटाचे निकष निदान ५ वर्षं लागू नसावे लागतात, एका चांगल्या वर्षावर कोणी घाई करत नाही.

आमच्याकडे उसात बिबटेच बिबटे आहेत आणि यादीत म्हणे असुरक्षित!

जुन्नर, शिरूर, संगमनेरच्या लोकांचा हा प्रश्न असतो आणि त्यांचा राग मला पूर्ण पटतो, कारण पोराबाळांची भीती त्यांना रोज असते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बिबट्या आफ्रिका-आशियाभर पसरलेला आहे आणि बऱ्याच देशांतून तो झपाट्याने कमी झालाय, म्हणून जगाच्या पातळीवर व्हल्नरेबल. तुमच्या तालुक्यात किती आहेत आणि त्यांचं काय करायचं, हा प्रश्न वनखात्याचा आणि कायद्याचा आहे, त्याचं उत्तर रेड लिस्टमध्ये शोधू नका आणि कोणी रेड लिस्ट दाखवून तुमचा प्रश्न उडवून लावत असेल तर तेही चूक.

गट बदलला म्हणजे प्राणी वाढले किंवा घटले असंच ना?

नेहमी नाही. बातम्यांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. मूल्यांकन करणारे प्रत्येक बदलाला कारण देतात, बदल खरा आहे की फक्त माहिती सुधारली.

आपला वनपिंगळा हे छोटं घुबड याचं उत्तम उदाहरण. १८७३ मध्ये ह्यूम या पक्षीअभ्यासकाने वर्णन केलं, १८८४ नंतर खात्रीचा नमुना मिळाला नाही, आणि रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मिळवल्याचा दावा केलेला नमुना चोरीचा निघाला, संग्रहालयातला जुना पक्षी घेऊन त्याला खोटं ठिकाण चिकटवलं होतं. साहजिकच लोक शोधत राहिले ते चुकीच्या पत्त्यावर. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी हा खोटेपणा बाजूला काढला, फक्त जुन्या खऱ्या नोंदी हातात घेतल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्यासोबत शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना जिवंत वनपिंगळा दिसला, तोही दिवसाढवळ्या! ११३ वर्षांनी. मग मेळघाट, तोरणमाळ, मध्य प्रदेश, पुढे तानसा अशा ठिकाणी तो सापडत गेला आणि २०१८ मध्ये क्रिटिकली एन्डेंजर्डवरून एन्डेंजर्ड झाला. घुबडं वाढली म्हणून हे झालं नाही, आधीच असलेली माहीत झाली म्हणून झालं. सातपुड्यातली झाडतोड मात्र चालूच होती.

वाद झाला तो हिमबिबट्याच्या गटबदलावरून. २०१७ मध्ये त्याला एन्डेंजर्डवरून व्हल्नरेबलमध्ये आणलं, कारण प्रौढ संख्या २,५०० च्या, म्हणजे सी निकषातल्या एन्डेंजर्डच्या मर्यादेच्या वर आहे असा निष्कर्ष निघाला. बऱ्याच अभ्यासकांना तो पटला नाही, त्यांचं म्हणणं की त्याच्या प्रदेशाचा फारच थोडा भाग नीट मोजलाय. माझ्या मते असा वाद होणं चांगलंच आहे, कारण तो आकड्यांवर आणि उघडपणे होतो.

लीस्ट कन्सर्न म्हणजे रेड लिस्टमधून बाहेर पडली असं का?

नाही. लीस्ट कन्सर्न हा रेड लिस्टमधलाच गट आहे. निळ्या परांचा महसीर, लोणावळ्याच्या वळवण तलावाजवळ ज्याची पैदास करतात तो, एन्डेंजर्डवरून लीस्ट कन्सर्न झाला तेव्हा 'यादीतून बाहेर' अशाच बातम्या आल्या होत्या. आणि गट कोणताही असो, आपला कायदा वेगळा आहे. मोर लीस्ट कन्सर्न आहे पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला हात लावलात तर गुन्हा होतो तो होतोच.

डेटा डेफिशियंट म्हणजे काळजी नको?

हा गैरसमज प्लीज सोडा. माहिती अपुरी म्हणजे प्रजाती ठणठणीतही असेल किंवा संपायला टेकलेली असेल, सांगता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. पक्षी आणि सस्तन प्राणी जवळजवळ सगळे तपासून झालेत, पण कीटक, कोळी, बुरशी, सड्यांवरच्या छोट्या वनस्पती यांचा फार थोडा भाग तपासलाय. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात 'येथे एकही धोक्यातली प्रजाती नाही' असं लिहिलेलं असतं तेव्हा आधी बघा की तिथल्या किती प्रजाती मुळात तपासलेल्या आहेत.

नामशेष कधी जाहीर करतात?

शेवटचा जीव मेला याबद्दल वाजवी शंका उरली नाही की मगच. त्यासाठी योग्य जागी, योग्य ऋतूत, योग्य वेळी पुन्हापुन्हा शोध घ्यावा लागतो. हिमालयन क्वेल हा लाव्ह्यासारखा पक्षी १८७६ नंतर खात्रीने दिसलेला नाही तरी तो आजही क्रिटिकली एन्डेंजर्डच आहे. बारीक चोचीचा कुरल पक्षी शेवटचा खात्रीने दिसला १९९५ मध्ये मोरोक्कोत आणि नामशेष जाहीर झाला २०२५ मध्ये. एवढा उशीर का, तर नामशेष म्हटलं की शोध थांबतो, पैसा थांबतो, जागेचं संरक्षण सुटतं, आणि तो पक्षी कुठेतरी जिवंत असला तर आपणच त्याला मारल्यासारखं होतं. वनपिंगळ्याचं वर वाचलंतच.

चित्ता तर १९५२ लाच नामशेष झाला होता ना?

भारतातून. देशापुरतं किंवा प्रदेशापुरतं नामशेष हा प्रादेशिक याद्यांमधला वेगळा गट आहे, वरच्या नऊ गटांत तो नाही. जगात चित्ता आहे आणि व्हल्नरेबल आहे, त्यातली आशियाई उपप्रजाती फक्त इराणमध्ये मूठभर उरलीय आणि ती क्रिटिकली एन्डेंजर्ड आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोत आणले ते आफ्रिकेतले.

मूल्यांकन चुकीचं वाटलं तर?

आव्हान देता येतं, पण निकषांच्या आधारावरच. 'आमच्या उद्योगाला अडचण होते' किंवा 'आमचा आवडता पक्षी आहे' हे चालत नाही, कुठला आकडा चुकला आणि का ते दाखवावं लागतं. शिवाय मूल्यांकन १० वर्षांहून जुनं झालं की त्यावर अपडेट हवा असा शेरा लागतो, तर वाचताना वर्ष आधी बघा.

आमच्या नोंदींचा काही उपयोग होतो का?

खूप होतो. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा २०२३ चा अहवाल ३० हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींहून जास्त नोंदींवर उभा आहे, त्यात ९४२ प्रजाती तपासल्या. विदर्भात दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलकंठ त्यात इतका घटलेला दिसला की त्याचं रेड लिस्टमधलं स्थान पुन्हा तपासा अशी शिफारस केली गेली. फक्त दुर्मिळ पक्ष्याचा फोटो टाकून थांबू नका, नेहमीच्या जागी जाऊन साळुंकी-कावळ्यासकट पूर्ण यादी भरा, वेळ आणि अंतर लिहा. घट मोजायला नेहमीचेच पक्षी लागतात. आणि गेलात पण दिसला नाही, ही पण नोंदच आहे.

दुर्मिळ प्रजातीची नेमकी जागा टाकावी का?

सार्वजनिक ठिकाणी नाही. घरटं, बीळ, ऑर्किड किंवा कंदीलपुष्पाचा कातळ, काहीही असो, फोटोवरचं लोकेशन बंद करा आणि रील टाकायची तर जिल्ह्याच्या पुढे काही लिहू नका. नोंदी टाकायच्या वेबसाइटपैकी ई-बर्डवर संवेदनशील प्रजातींच्या नोंदी लपवलेल्या असतात आणि आय-नॅचरलिस्ट धोक्यातल्या प्रजातींची जागा आपोआप धूसर करतं, पण फोटोत मागे देवळाचा कळस किंवा ओळखीचा सुळका दिसत असेल तर त्याचा काही उपयोग नाही, तो आधी क्रॉप करा. नेमकी जागा अभ्यासकांना किंवा वनखात्याला थेट कळवा.